जोर नेमका कोणाचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून अकरावी सायन्सच्या विद्यार्थिनीचं पत्र आलंय. थोडक्यात देते:

"मॅडम, दहावीपर्यंत माझं सगळं मराठी माध्यमातून झालं. 91 टक्के पडले म्हणून सायन्स घेतलं. आता फिजिक्सच्या युनिट टेस्टला 25 पैकी 7 पडले. लॉज ऑफ मोशनवर टेस्ट होती. न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ आहेत, गतीची तिन्ही समीकरणं पाठ आहेत. एसटीने कॉलेजला जाऊन-येऊन, क्लास करून रात्री चाळीस-पन्नास एमसीक्यू सोडवते, मोबाइलवर व्हिडिओ बघते. बघताना सगळं कळतं, वही उघडली की काहीच सुचत नाही. मैत्रीण म्हणते इंग्लिशमुळे होतंय. पप्पांचं किराणा-भुसारचं दुकान आहे. ते रागावत नाहीत, पण म्हणाले, झेपत नसेल तर आर्ट्सला जा, आत्ताच सांग. रोज किती गणितं करू? कुठलं गाइड घेऊ? की खरंच सोडून देऊ?"

सोबत तिने उत्तरपत्रिकेच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत.

बाळ,

तुझी ती दोन पानं मी दोन-तीनदा वाचली. आर्ट्सचं आणि गाइडचं मागाहून बोलू, आधी तुझ्या पेपरातला तिसरा प्रश्न बघू. एक खोकं आडव्या जमिनीवर सेकंदाला 2 मीटर अशा स्थिर वेगाने ओढलं जातंय. घर्षण बल 40 न्यूटन आहे, तर ओढणारं बल किती? तू लिहिलंस, 40 न्यूटनपेक्षा जास्त. आणि पुढे कंसात कारण दिलंस: नाहीतर खोकं पुढे जाणारच नाही. त्यावर लाल काट आहे.

त्या कंसाने मला तुझं सगळं दुखणं सांगितलं. कारण त्याच पानावर, वर, पहिल्या प्रश्नात तू न्यूटनचा पहिला नियम शब्दन् शब्द बरोबर लिहिलायस आणि पैकीच्या पैकी मार्क घेतलेयस. बलं संतुलित असतील तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. मग दहा मिनिटांनी त्याच हाताने त्याच्या नेमकं उलट लिहिलंस. दोन्ही ठिकाणी तुझं इंग्लिश ठीक आहे. एखाद-दुसरं स्पेलिंग चुकलंय, तेवढ्याने कोणाचे मार्क जात नाहीत. तेव्हा मैत्रिणीला सांग, इंग्लिशवर ढकलू नको.

खरी गोष्ट अशी आहे की तुझ्यापाशी दोन नियम आहेत. एक पुस्तकातला, पाठ केलेला. दुसरा लहानपणापासून अंगात मुरलेला: वस्तू चालायची तर जोर लागतो, जोर संपला की वस्तू थांबते. दुकानात पोती ओढलीयत, सायकल चालवलीय, हापशावर पाणी भरलंय. प्रत्येक वेळी हाच अनुभव आला. परीक्षेत व्याख्या विचारली की पुस्तकातला नियम पुढे येतो. खोकं, चेंडू, गाडी समोर आली की अंगातला नियम बोलतो. व्हिडिओत सर सोडवतात तेव्हा त्यांचा नियम चालतो, म्हणून सगळं कळल्यासारखं वाटतं. वही उघडली की तुझा नियम चालायला लागतो आणि गाडी अडते.

याची लाज वाटू देऊ नको. ॲरिस्टॉटलसारखा मोठा माणूस तेवीसशे वर्षांपूर्वी हेच मानत होता. मधे काहींनी शंका काढल्या, पण गॅलिलिओने उतरत्या फळीवर गोळे सोडून, मोजून हा प्रश्न मुळापासून लावून धरेपर्यंत जवळपास दोन हजार वर्षं गेली. गॅलिलिओचा गतीवरचा ग्रंथ 1638 साली छापला गेला, न्यूटनचे नियम 1687 साली आले. एवढ्या मोठ्या मंडळींना जे सुटायला इतका काळ लागला, ते तुला जूनपासून दिवाळीपर्यंत पचलं नाही म्हणून तू ढ ठरत नाहीस.

आणखी एक सांगते. 1990 च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर नावाच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गतीवरची एक साधी चाचणी दिली. आकडेमोड जवळजवळ नाहीच, नुसते रोजच्या व्यवहारातले प्रश्न. ट्रक आणि मोटार धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा जातीचे. एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरोखर जे वाटतं ते लिहू? ही मुलं अवघड गणितं सोडवत होती. तरी त्यांच्याही पोटात दोन नियम होते. मला तुझं त्या विद्यार्थिनीपेक्षा जास्त कौतुक वाटतं, कारण तिने विचारून घेतलं आणि तू थेट कंसात लिहून टाकलंस. मनातलं असं कागदावर आलं की दुरुस्त करता येतं.

आता एका शब्दाकडे जरा बारकाईने बघू या. जोर. आपण म्हणतो, गाडी जोरात चाललीय. बॉल जोरात आला. पंखा जोरात लाव. जोर लावून ढकल. म्हणजे वेगाला जोर, ढकलण्यालाही जोर. आपल्या बोलण्यातच वेग आणि बल एका पोत्यात भरलेले आहेत. बोलताना त्याने काही बिघडत नाही. पण फिजिक्सच्या पेपरात जोरात जाणारा चेंडू दिसला की तुला वाटतं, त्याच्या आत जोर आहे. हाताने भरलेला, हळूहळू संपणारा, मोबाइलच्या चार्जिंगसारखा. तिथेच फसगत होते. बल वस्तूच्या आत कधीच नसतं. वेग वस्तूला असतो, वस्तुमान वस्तूचं असतं. बल मात्र दोघांमधला व्यवहार आहे, देणारा एक, घेणारा दुसरा. तुझ्या पप्पांच्या दुकानात उधारी लिहिताना नुसतं "पाचशे रुपये" लिहून चालतं का? कोणाकडून कोणाला, हे लिहावंच लागतं. बलाचंही तसंच आहे. प्रत्येक बलाशेजारी देणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव सुचलं नाही तर ते बल नाहीच, खोडून टाकायचं. मी शिकवत होते त्या सगळ्या वर्षांत मुलांना याहून उपयोगी काही देऊ शकले असं मला वाटत नाही.

आता हे पोत्यावर करून बघू. दुकानात साखरेचं 50 किलोचं पोतं असेल. ते तू फरशीवरून आडवं ओढतेयस. कागदावर पोत्याच्या जागी एक चौकोन काढ. हात नको, फरशी नको, तू नको. फक्त पोतं. आता विचार, पोत्याला कोण कोण काय करतंय? पृथ्वी त्याला खाली ओढतेय. खाली बाण, शेजारी लिही "पृथ्वी". साधारण 490 न्यूटन, म्हणजे 50 गुणिले 9.8. पृथ्वी एकटीच अशी आहे की जी शिवल्याशिवाय ओढते, तुझ्या या धड्यापुरतं तरी. बाकी सगळे देणारे पोत्याला शिवलेले असले पाहिजेत. पोत्याला शिवतंय कोण? फरशी आणि हात. फरशी पोत्याला वर ढकलतेय, 490 न्यूटन. तीच फरशी पोत्याला मागे खेचतेय, ते घर्षण. ते 200 न्यूटन धरू. आणि तुझा हात पुढे ओढतोय. झाले चार बाण, चार नावं. पाचवा बाण काढायचा मोह होतो, "गतीचं बल" म्हणून. विचार त्याला: देणारा कोण? नाव येत नाही. खोडून टाक.

आता आकडे घालू. समज, तू 240 न्यूटनने ओढलंस. पुढे 240, मागे 200, शिल्लक 40. त्वरण, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो, ते निघतं शिल्लक बल भागिले वस्तुमान करून: 40 भागिले 50, म्हणजे 0.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. एका सेकंदाने पोत्याचा वेग झाला सेकंदाला 0.8 मीटर. आता तू हात सैल केलास, बरोबर 200 न्यूटनने ओढत राहिलीस. शिल्लक शून्य, त्वरण शून्य. त्वरण शून्य म्हणजे वेग बदलणार नाही. वेग शून्य होईल असं कुठेही म्हटलेलं नाही. पोतं 0.8 च्याच वेगाने पुढे येत राहील. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: 40 न्यूटन, ना कमी ना जास्त. 40 पेक्षा जास्त बल लागलं ते खोकं सुटताना, वेग घेताना. प्रश्नात ती वेळ होऊन गेलेली आहे.

आता मी सांगते ती पुढची पायरी पुस्तकं बहुधा करत नाहीत, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू पोतं सोडून दिलंस. हाताचा बाण गेला. मागे 200 न्यूटन उरलं. 200 भागिले 50, म्हणजे 4 मीटर प्रति सेकंद वर्ग, उलट दिशेने. 0.8 वेग 4 च्या हिशोबाने किती वेळात संपेल? 0.2 सेकंदात. किती अंतर जाईल? वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण: 0.64 भागिले 8, म्हणजे 0.08 मीटर. आठ सेंटिमीटर. चार-पाच बोटं! म्हणून लहानपणापासून तुला वाटत आलं की हात सोडला की पोतं थांबतं. ते थांबतं हे खरंच आहे. पण जोर संपला म्हणून ते थांबत नाही. फरशी थांबवते. तुझ्या अंगातला नियम घर्षणाने भरलेल्या जगात वाढलेला आहे, आणि घर्षण दिसत नाही म्हणून त्याचा हिशोब कधी लागला नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कॅरम काढ. आधी पावडर न घालता स्ट्रायकर हळू ढकल, किती गेला बघ. मग बोरिक पावडर टाकून हाताने पसरव आणि तेवढ्याच ताकदीने ढकल. बोट तेच, स्ट्रायकर तोच, पण आता तो कितीतरी लांब जातो, समोरच्या फळीवर आपटून परत येतो. बोटाने जादा काही दिलं का? नाही. मागे ओढणारं कमी झालं, एवढंच. आता मनात पावडर आणखी चांगली कर, बोर्ड आणखी गुळगुळीत आणि आणखी लांब कर. घर्षण पार शून्यावर आण. स्ट्रायकर कुठे थांबेल? थांबायला कारणच उरत नाही. गॅलिलिओने याच वाटेने विचार केला, कॅरमऐवजी उतरत्या फळीवरच्या गोळ्यांवर. आणि आज तुझ्या-माझ्यासमोर त्याचं जितंजागतं उदाहरण आहे. व्हॉयेजर 1 हे यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं. ते अजूनही सेकंदाला जवळजवळ 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून लांब चाललंय. पुढे ढकलायला त्याचं कुठलंही इंजिन चालू नाही. त्याचे छोटे झोत वापरतात ते अँटेना पृथ्वीकडे वळलेली राहावी म्हणून.

तुझी दुसरी चूक याच झाडाची फांदी आहे. चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचं त्वरण किती? तू शून्य लिहिलंस. एक लिंबू घे आणि वर उडव. हातातून सुटलं. आता त्याला कोण शिवतंय? कोणी नाही. हवा थोडीशी, ती सोडून देऊ. पृथ्वी ओढतेय. एकच बाण, खाली. वर जाताना तोच बाण, माथ्यावर तोच, खाली येताना तोच. मग त्वरणही तिन्ही वेळा तेच, 9.8, खाली. माथ्यावर वेग शून्य असतो, क्षणभर. त्या क्षणी त्वरणही शून्य असतं तर काय झालं असतं? वेग शून्य, आणि वेग बदलायला काही नाही. लिंबू तिथेच टांगून राहिलं असतं. ते राहत नाही, यातच उत्तर आहे. सेकंदाला 9.8 मीटरने वर फेकलेल्या लिंबाचा वेग एका सेकंदात शून्य होतो, आणि पुढच्या सेकंदात तो खालच्या दिशेने 9.8 होतो. वेग दर सेकंदाला सारखाच बदलत गेला, मधे थांबला नाही. वेग किती आहे आणि वेग किती बदलतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खिशात आता किती पैसे आहेत आणि रोज किती खर्च होतात, इतके वेगळे.

तिसऱ्या नियमाबद्दल तुझ्या पानावर काही नाही, पण पुढच्या टेस्टला तो येणारच, म्हणून बैलगाडीचं सांगून ठेवते. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही एकमेकांना खोडून गाडी जागच्या जागी का उभी राहत नाही? हा प्रश्न विचारणारं पोर वर्गात निघालं की मला फार आनंद व्हायचा. पुन्हा नावं लिही. गाडीचा चौकोन वेगळा, बैलाचा चौकोन वेगळा. गाडीवर पुढे बैल, मागे चाकांचं आणि रस्त्याचं घर्षण. बैलाचं पुढे ओढणं जास्त असेल तर गाडी वेग घेईल. गाडी बैलाला मागे ओढते ते बल गाडीच्या चौकोनात येतच नाही, ते बैलाच्या चौकोनात आहे. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडायची नाही. मग बैल पुढे कसा जातो? तो खुरांनी माती मागे रेटतो, आणि माती त्याला पुढे ढकलते. यातला खरा ढकलणारा माती आहे. पटत नसेल तर पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी आठव. बैल तोच, ताकद तीच, पण खूर घसरतो, माती टेकू देत नाही आणि गाडी हलत नाही. एसटी चिखलात अडकली की चाकाखाली दगड किंवा बारदान टाकतात ते त्यासाठीच. चाकाला मागे रेटायला काहीतरी मिळालं पाहिजे, तरच ते गाडीला पुढे ढकलेल.

अजून एक फसवी जागा आहे. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, दोन्ही समान. मुलं सर्रास लिहितात, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी. नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तिची जोडीदार म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ती. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तिची जोडीदार म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं ती. नावं अदलाबदल करायची, बस.

आता अभ्यासाचं. चाळीस-पन्नास एमसीक्यू आजपासून बंद. मला माहीत आहे, क्लासमध्ये शेजारची मुलगी साठ करत असेल. करू दे. एवढ्या प्रश्नांत प्रत्येकाला तुझी दोनेक मिनिटं मिळतात, आणि दोन मिनिटांत अंगातलाच नियम धावून येतो. पन्नास वेळा त्यालाच सराव मिळतो. पुढचे तीन आठवडे रोज फक्त तीन गणितं कर. प्रत्येकाला एक अख्खं पान दे. पानावर आधी मराठीत एक ओळ: काय घडतंय आणि मला काय होईल असं वाटतं. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, तोच तर पकडायचा आहे. मग चौकोन, बाण, बाणांना नावं. सूत्र त्यानंतर. शेवटी अंदाज आणि उत्तर शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. जिथे दोन्हींचं जमलं नाही, तिथे तुझ्या शब्दांत लिहायचं, का. व्हिडिओ बघायचाच तर गणित वाचून दाखवल्यावर लगेच थांबवायचा आणि स्वतःचे बाण काढून झाल्यावर पुढे सरकवायचा. सरांच्या आणि तुझ्या बाणांत फरक पडला तर उत्तम. त्या दिवशी काहीतरी शिकलीस.

उतारावरची आणि कप्पीची गणितं लगेच घेऊ नको. त्यात बलाचे घटक करावे लागतात, साइन-कॉस लागतं. आडव्या जमिनीवर आणि सरळ वर-खाली हात बसू दे, मग तिकडे वळ.

क्लासमध्ये शिकवलेल्या ट्रिकांपासून जपून राहा. लिफ्ट वर जाताना "जी प्लस ए", खाली येताना "जी मायनस ए" (जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं 9.8, ए म्हणजे लिफ्टचं त्वरण), अशी एक ओळ तुझ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली मला दिसली. वर जाणारी लिफ्ट मजल्यावर थांबायला आली की काय होतं? ती वरच जातेय, पण वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण खाली आहे. तिथे "मायनस" लागतं. 50 किलोचा माणूस, वेग सेकंदाला 2 मीटरने कमी होतोय, तर लिफ्टची फरशी त्याला 490 ऐवजी 390 न्यूटनने वर ढकलते. ट्रिक लावली असतीस तर 590 आलं असतं. दोन बाण काढून कुठलं मोठं हवं एवढं विचारलं की ट्रिकेची गरजच पडत नाही.

समीकरणांचंही एक करून बघ, म्हणजे ती नुसती तोंडात राहणार नाहीत. भावाला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांग, शून्याचं टोक खाली. तू अंगठा आणि बोट शून्याजवळ उघडं ठेव. न सांगता त्याने सोडायची, तू पकडायची. समज 20 सेंटिमीटरवर पकडलीस. "एस इज इक्वल टू यूटी प्लस हाफ एटी स्क्वेअर". यू म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, एस म्हणजे अंतर 0.2 मीटर, ए म्हणजे त्वरण 9.8, टी म्हणजे वेळ. वेळ येतो सुमारे 0.2 सेकंद. डोळ्यांनी बघून बोटाने हालचाल करायला तुला एवढा वेळ लागतो, आणि तो तू घड्याळाशिवाय, साध्या पट्टीने मोजलास. हेच पुढे रस्त्यावर ने. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. समोर म्हैस आली, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे गाडी 20 मीटर पुढे. ब्रेकने त्वरण उलट 5 मिळालं तर आणखी 40 मीटर. ताशी 36 ला हेच ब्रेकनंतरचं अंतर 10 मीटर. वेग निम्मा केला की अंतर चौथाई झालं. आपल्या रोजच्या जिवाशी बेतलेलं गणित आहे हे, आणि ते तुझ्या त्या तिसऱ्या, वेगाच्या वर्गाच्या समीकरणात बसलेलं आहे.

गाइड नको घेऊ, पैसे वाचव. माळ्यावरून नववीचं विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं मराठी पुस्तक काढ. पहिलाच धडा "गतीचे नियम" आहे. तो अकरावीच्या पुस्तकाशेजारी उघडा ठेव. अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग, त्वरण, जडत्व, संवेग हे सगळे शब्द तुला तेव्हा मराठीत भेटलेत. इंग्लिश शब्द आला की त्याच्याखाली मराठी शब्द पेन्सिलने लिही. विचार मराठीत कर, उत्तर इंग्लिशमध्ये लिही, यात कमीपणा काही नाही. आणि कॉलेजच्या सरांना एकदा वर्गाबाहेर गाठ. "मला येत नाही" असं म्हणू नको, कागद पुढे कर आणि विचार, या बाणाला नाव सुचत नाही, कोण देतंय हे? असा नेमका प्रश्न विचारला की बहुतेक शिक्षक थांबून सांगतात.

राहिलं आर्ट्सचं. 25 पैकी 7 वरून तो निर्णय घेऊ नको, एवढंच माझं म्हणणं. तीन आठवडे असं काम कर. मग स्वतःला विचार, पोत्याचं ते गणित सुटलं तेव्हा मला बरं वाटलं का? बरं वाटलं असेल तर थांब, मार्क मागून येतील. बारावीच्या पुस्तकाचा पहिला धडा वर्तुळाकार गतीपासूनच सुरू होतो आणि तिथेही हेच बाण काढायचेत, त्यामुळे आता दिलेला वेळ वाया जाणार नाही. आणि मनापासून इतिहास, भाषा, समाजशास्त्र आवडत असेल तर आनंदाने जा, हरून गेलीस असं मनात आणू नको. पप्पांनी तुला मोकळेपणाने विचारलंय, तसंच मोकळेपणाने त्यांना सांग की मला तीन आठवडे द्या. आणि रविवारी त्यांच्यासमोर ते पोतं ओढून दाखव. तानकाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याचा, हूक पोत्याच्या दोरीत अडकवून आडवं ओढलंत तर काट्यावर बल वाचताही येईल. किलोचा आकडा 9.8 ने गुणायचा, म्हणजे न्यूटन मिळतील. काटा दुकानातला छोटा असेल तर पाच-दहा किलोची पिशवी घ्या. सुटताना आकडा किती होता आणि चालायला लागल्यावर किती झाला, ते दोघांनी मिळून बघा.

आणि उद्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर एक लिंबू बरोबर ठेव. सपाट, सरळ रस्त्याला गाडी एका वेगाने चाललेली असताना ते सरळ वर उडव, फार उंच नको. ते हवेत असताना तुझी सीट पुढे सरकलेली असेल. ताशी 54 ने गाडी चालली असेल तर अर्ध्या सेकंदात साडेसात मीटर. लिंबू मागच्या सीटवरच्या आजींच्या डोक्यात पडतं की तुझ्या हातात? आणि तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला तर कुठे पडेल? आधी अंदाज लिही, मग उडव. नंतर लिंबाचा चौकोन काढून बाणांना नावं दे, आणि ते पान मला पाठव.